दोन प्रोसेसर आणि एक पाट

(दहावी १९९२ च्या स्नेहमेळाव्यात जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले की प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राबद्दल वीस मिनिटं बोलायचं. मघाशी डॉक्टर मधुमेहावर बोलले, वकीलसाहेब सात-बारावर बोलले, आणि दोघांनीही मला घाबरवलं. माझं क्षेत्र म्हणजे नागापूर एमआयडीसीतला एक शेड, एक व्हीएमसी, एक जुनं लेथ आणि दोन पोरं. मी धातू कापतो. त्यावर वीस मिनिटं कोण ऐकणार? म्हणून मी एक वस्तू सोबत आणली आहे. ही तांब्याची पट्टी मी पहिल्या रांगेकडे देतो. हातोहात मागे जाऊ द्या. वजन सव्वा किलो आहे, पायावर पाडू नका. दिसायला छान आहे, पण ती फसलेली वस्तू आहे. ती कशी फसली, तेच सांगायला उभा आहे.

सुरुवात मात्र विहिरीपासून करतो. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या मळ्यात तेव्हा डिझेल इंजिन होतं. वीज असायची-नसायची, त्यामुळे इंजिन. पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी एका बारीक नळीने इंजिनाच्या सिलिंडरभोवती फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने धारेने बाहेर पडायचं. ती धार गरम असायची. थंडीत शाळेला येण्याआधी त्या धारेखाली आंघोळ केलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, सर, अर्धा वर्ग आहे. आपण त्याला 'इंजिनाचं पाणी' म्हणायचो. ते पाणी गरम का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. गरम आहे ना, मग घ्या आंघोळ उरकून. माझी सगळी गोष्ट त्या धारेचीच आहे. फक्त इंजिनाच्या जागी कॉम्प्युटर आहे.

कॉम्प्युटर आपल्या 'ब' तुकडीतल्या एका मित्राचा. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. 'माझं नाव घेतलंस तर उठून जाईन', असं त्याने बजावलंय, म्हणून नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच. हा पुण्यात चांगल्या नोकरीत होता. गाडीचे सुटे भाग तयार करण्याआधी त्यांच्यावर कुठे किती ताण येईल, कुठे तडा जाईल, हे कॉम्प्युटरवर आकडेमोड करून सांगायचं, हे त्याचं काम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो गावी आला. आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. वडील आधीच गेलेले. आक्काला पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचं म्हटलं की ती तोंड फिरवायची. मग यानेच नोकरी सोडली आणि तीच कामं गावात बसून स्वतः घ्यायची ठरवली.

त्यासाठी साधा कॉम्प्युटर पुरत नाही. त्याने पुण्यातून एक जुना सर्व्हर आणला. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरून असे सर्व्हर काढून टाकतात आणि ते निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. एकाच मदरबोर्डवर दोन प्रोसेसर, प्रत्येकात चौदा गाभे. उंची फक्त पावणेदोन इंच, कारण तो फडताळात थप्पीने ठेवायचा असतो. आता एवढ्याशा उंचीत पंखे कसले बसणार? काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. पंखा लहान झाला की तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि हे पंखे मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारत होते. असे आठ. मी पहिल्यांदा त्या घरात गेलो, तेव्हा मला वाटलं, पलीकडे कुणी ग्राइंडर चालवतंय.

घर दोन खोल्यांचं आणि वर पत्रा. एका खोलीत सर्व्हर, दुसऱ्या खोलीत आक्का. एकेक आकडेमोड चौदा-सोळा तास चालायची. रात्रभर ती शिट्टीसारखी किंकाळी. आक्काला झोप नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब खाली येत नाहीये, झोप व्हायला पाहिजे. मशीन बंद ठेवावं तर काम वेळेत जात नाही, चालू ठेवावं तर आईला त्रास. काही दिवस त्याने सर्व्हर गोठ्यात नेऊन ठेवला. पंधरा दिवसांत आत भुसा आणि धूळ, आणि उंदरांनी वायर कुरतडली. त्याने एका रविवारी माझ्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, 'तू पाण्याचं काही करू शकतोस का?'

मी हो म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं, तरी हो म्हणालो. नगरच्या कारखानदारीत ही जुनी खोड आहे.

आता थोडं विज्ञान. सर समोर बसलेत, चुकलो तर थांबवतील. त्याचा एकेक प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की १३५ वॉट वीज खातो आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. १३५ वॉट म्हणजे फार नाही. जुने साठचे दोन दिवे आणि वर थोडं. पण ती उष्णता ज्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते, तो जेमतेम तीन चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या दोन-तीन जागा. दर चौरस सेंटिमीटरला ४५ वॉट. घरातली इस्त्री हजार वॉटची धरली आणि तिचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॉट पडतात. म्हणजे प्रोसेसरच्या पोटात इस्त्रीच्या नऊपट दाटीने उष्णता निघते, आणि तरी त्याला इस्त्रीएवढं तापायची परवानगी नाही. नव्वदच्या पुढे गेला की तो स्वतःच काम हळू करतो आणि त्याहून पुढे गेला तर बंद पडतो.

लुना आठवते ना? नगरच्या कायनेटिकमध्ये १९७२ पासून तयार व्हायची. तिच्या सिलिंडरला बाहेरून पातळ पातळ पंख होते, ते वाऱ्याने गार होण्यासाठी. सर्व्हरमध्येही तेच होतं, प्रोसेसरवर पंखांचा ठोकळा आणि त्यावर वारा. पण वारा फार दुबळा हमाल आहे. सारख्याच घनफळाची हवा आणि पाणी घेतलं, तर तेवढंच तापमान वाढताना पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. एक तांब्या पाणी जे नेतं, ते न्यायला खोलीभर हवा लागते. त्या आठ पंख्यांची किंकाळी ही एवढी हवा ढकलण्याची किंकाळी होती.

तर ठरलं. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ पेटी बसवायची, तिच्यातून पाणी फिरवायचं, ते पाणी रबरी नळीने खोलीबाहेर न्यायचं, तिथे रेडिएटरमध्ये गार करून परत आणायचं. त्या तांब्याच्या पेटीला वॉटर ब्लॉक म्हणतात. विकत मिळतात, परदेशी, पण त्या अरुंद बोर्डावर बसणारे दोन मागवायचे तर किंमत आणि वाट दोन्ही परवडणारी नव्हती. शिवाय मी म्हटलं, मी कशासाठी बसलोय?

माझी पहिली अक्कल तुमच्या हातात फिरते आहे. मी विचार केला, दोन प्रोसेसर शेजारी-शेजारी आहेत, मग दोन ब्लॉक कशाला? एकच लांब पट्टी करू, दोघांवर एकदम बसेल. दोन नळ्या कमी, चार जोड कमी, गळतीची भीती कमी. आठ मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, २२० लांब, ८० रुंद. तिच्यात एक मिलिमीटरच्या एंडमिलने चर कापले. तांबं कापायला फार चिकट. पोलाद कसं मोडून चुऱ्यासारखं बाहेर येतं, तांबं हत्याराला लपेटून बसतं. एंडमिल केसासारखी मोडायची. सात मोडल्या. पण पट्टी तयार झाली तेव्हा मी ती बायकोला दाखवायला घरी नेली होती, इतका खूश.

२०२१ च्या फेब्रुवारीत ती बसवली. मशीन चालू केलं. पहिला प्रोसेसर ५८ अंश, मस्त. दुसरा ९१. मला वाटलं पेस्ट कमी पडली. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये एक पातळ लेप द्यावा लागतो, तो परत लावला. तेच. उलट्या बाजूने पाणी सोडलं, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरला आधी गार पाणी. तेच. दिवसभर हेच चाललं. शेवटी पट्टी उचलली आणि खालचा लेप बघितला. पहिल्या प्रोसेसरवर लेप सारखा दाबला गेला होता. दुसऱ्यावर अर्ध्या भागात तसाच कोरा, ठिपक्यासारखा उभा.

आयटीआयमध्ये आम्हाला सरफेस प्लेटला निळा रंग लावून जॉब घासायला लावायचे. जिथे निळा लागला तिथे टेकतंय, जिथे नाही तिथे खड्डा. लेपाने मला तेच दाखवलं. दोन्ही प्रोसेसर एका उंचीवर नव्हते. मोजलं, पाव मिलिमीटरचा फरक. दोन पोस्टकार्डांएवढासुद्धा नाही. पण माझी पट्टी आठ मिलिमीटरची ताठ. ती पहिल्यावर टेकली आणि दुसऱ्यावर कलली, आणि मध्ये राहिली हवा. तांबं हवेच्या जवळपास पंधरा हजार पट चांगलं उष्णता वाहून नेतं, असं गणित आहे. म्हणजे पाव मिलिमीटर हवेने माझ्या सगळ्या तांब्याची किंमत शून्य केली. आजीच्या घरात तीन पायांची घडवंची असायची, ती कुठेही ठेवा, डगमगत नाही. चार पायांचं टेबल फरशीवरही डगमगतं आणि आपण खाली कागदाची घडी घालतो. मी चार पायांचं टेबल केलं होतं. ही गोष्ट मला पंचवीस वर्षं मशीनवर काढून कळायला हवी होती. नाही कळली.

आता ती पट्टी सहाव्या रांगेपर्यंत गेली असेल. खालच्या बाजूला दोन चौकोनी खुणा दिसतील. एक चकचकीत, एक मळकट. मळकट आहे ती दुसऱ्या प्रोसेसरची.

त्यानंतर मी सरांकडे गेलो. हे सरांना आठवत असेल. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, चर किती, जाडी किती, रेडिएटर कोणता. सरांनी पेपर खाली ठेवला आणि एकच विचारलं, 'मिनिटाला पाणी किती जातं?' मला माहीत नव्हतं. सर म्हणाले, 'आठवीतली विशिष्ट उष्माधारकता मी भिंतीला शिकवली का?'

मग घरी आलो आणि मोजलं. एक लिटरचं माप आणि मोबाइलचं घड्याळ. अर्ध्या मिनिटात माप भरलं. म्हणजे मिनिटाला दोन लिटर. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. दोन प्रोसेसरांचे मिळून २७० वॉट. भागाकार केला, तर दोन लिटरच्या धारेचं तापमान पेटीतून जाताना वाढणार फक्त दोन अंशांनी. मी ते उत्तर तीनदा तपासलं. माझी समजूत होती की पाणी दुसऱ्या प्रोसेसरपर्यंत पोचेतो कढत होत असेल. ते जेमतेम एका अंशाने कोमट होत होतं. म्हणजे पाणी भरपूर होतं. अडचण पाण्यात नव्हतीच, तांब्यापासून पाण्यापर्यंतच्या वाटेत होती. हे गणित मी आधी केलं असतं, तर सात एंडमिल वाचल्या असत्या.

त्या एका अंशाने पुढचा मोठा निर्णय सोपा झाला. आता दोन वेगळे ब्लॉक करायचे हे नक्की, प्रत्येक आपापल्या प्रोसेसरवर स्वतंत्र स्क्रू आणि स्प्रिंगने दाबलेला, मध्ये लवचिक नळी. पण पाणी कसं द्यायचं? एकाच धारेने आधी पहिला, मग दुसरा? की धार फोडून दोघांना एकदम? माझ्याकडे आलेला प्रत्येक जण म्हणायचा, फोडून दे, दोघांना सारखं गार पाणी मिळेल. मी ज्या घरात वाढलो तिथे रात्री-बेरात्री उसाला दारं धरलीत. दोन वाफ्यांची दारं एकदम उघडली की पाणी दोघांत सारखं कधीच जात नाही. ज्या बाजूला उतार, तिकडे लोटतं आणि दुसरा वाफा तहानलेला राहतो. ब्लॉकचंही तसंच. एकात थोडा कचरा अडकला, चर थोडे अरुंद पडले, की पाणी सोपी वाट धरणार आणि अवघड वाटेवरचा प्रोसेसर तापणार, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही, कारण एकूण धार तेवढीच दिसते. त्यापेक्षा एकच पाट. पहिल्यातून गेलं ते दुसऱ्यातून गेलंच पाहिजे. दुसऱ्याला एक अंश गरम पाणी मिळेल, मिळू दे.

दुसऱ्या वेळी चर विचार करून कापले. पाणी नळीतून जाताना भिंतीला चिकटलेला त्याचा थर जवळजवळ हलत नाही, आणि पाणी स्वतः उष्णतेचं वाईट वाहक आहे. म्हणून तो स्थिर थर पांघरुणासारखा काम करतो. चर जितके अरुंद, तितकं पांघरूण पातळ, आणि तांब्याच्या भिंतीही जास्त. १९८१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला टकरमन आणि पीझ या दोघांनी सिलिकॉनमध्येच केसाहून बारीक, सुमारे ५० मायक्रॉनचे चर कोरून त्यातून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता बाहेर काढून दाखवली. आज जगातले सगळे असले ब्लॉक त्या कल्पनेची नातवंडं आहेत. माझ्या मशीनवर ५० मायक्रॉन होणं नाही. मी अर्ध्या मिलिमीटरच्या गोल स्लिटिंग करवतीने चर पाडले. एंडमिलपेक्षा कितीतरी सोपं गेलं. खालची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार, तोंड दिसेपर्यंत.

रेडिएटरसाठी मी भंगारातून एका मोटारीचा छान हलका रेडिएटर आणला होता. जोड द्यायला नगरमध्ये एका जुन्या रेडिएटरवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाले, 'पेटी तांब्याची ना तुमची? मग हा ॲल्युमिनियमचा चालायचा नाही. एका पाण्यात दोन्ही राहिले की हा खातो.' बरोबर होतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे सरांनी दाखवलेला विद्युतघट. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा गाळ माझ्या अर्ध्या मिलिमीटरच्या चरात जाऊन बसला असता. त्यांनी जुन्या ट्रॅक्टरचा पितळ-तांब्याचा गाभा कापून, डाख देऊन मला हवा तसा करून दिला. त्यांची चौथी झाली होती.

पाणीही साधं नाही घेतलं. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तो मला नको होता. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. पंप मात्र आधी कूलरचाच लावला, तो २३० व्होल्टचा. मित्राने तो बघितला आणि काही न बोलता काढून टाकला. मग बारा व्होल्टचा आणला.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची नव्हती. या दुसऱ्या जोडीचं झाकण मी ॲक्रिलिकचं केलं, पारदर्शक. पाणी फिरताना दिसावं म्हणून. खरं सांगायचं तर लोकांना दाखवता यावं म्हणून. त्यात पाव इंची नळीचे जोड बसवले. आयुष्यभर पाण्याच्या लाइनला जसे बसवतो तसे. निमुळत्या आट्याचा निपल, टेफ्लॉन टेप, आणि पान्याने घट्ट. लोखंडी सॉकेटमध्ये ते बरोबर आहे. ॲक्रिलिकमध्ये निमुळता आटा पाचरीचं काम करतो. लाकूड फोडताना पाचर मारतो तशीच. मी हवा भरून दहा मिनिटं पाण्याच्या टबात बुडवून बघितलं, एक बुडबुडा नाही. बसवलं. तापमान उत्तम. नऊ दिवस सगळं शांत.

दहाव्या रात्री झाकण आट्यापासून तडकलं. मित्र आक्काला औषध द्यायला उठला, तेव्हा त्याला जळका वास आला. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही, गळलं तरी काही होत नाही. पाणी शुद्ध असतं तोपर्यंत हे खरं. ते तांब्यातून, डाखातून फिरून आलेलं पाणी, आणि बोर्डावर गोठ्यातली धूळ. मदरबोर्ड गेला. एक प्रोसेसर गेला. तीन दिवसांनी द्यायचं काम होतं, ते गेलं, आणि ते देणारी कंपनी परत आली नाही. एप्रिल २०२१ होतं, दुसरी लाट. दुकानं बंद, कुरिअर बंद, गावात रोज कोणीतरी जात होतं. मी पैसे घेऊन गेलो, त्याने घेतले नाहीत. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, 'आता राहू दे.' मी तीन आठवडे त्या गल्लीतून गेलो नाही. एमआयडीसीत जायला लांबचा रस्ता धरायचो.

मग एक दिवस त्याचाच मेसेज आला. फोटो होता. त्याने लॅपटॉपवर माझ्या झाकणाचं चित्र बनवून त्यावर ताणाची आकडेमोड केली होती. जिथे तडकलं, तिथे बरोबर लाल डाग. खाली लिहिलं होतं: 'आट्याभोवती भिंत कमी आहे. जाड कर. आणि टेप लावू नकोस.' हे त्याचं कामच होतं, कुठे तडा जाईल ते सांगायचं. मी आधी विचारलंच नव्हतं.

तिसरी जोडी मग आम्ही दोघांनी केली. झाकण काळ्या डेलरिनचं, पाणी दिसत नाही, न दिसू दे. आटे सरळ, निमुळते नाहीत, आणि पाणी अडवण्याचं काम आट्याने करायचंच नाही; जोडाच्या कॉलरखाली रबरी ओ-रिंग बसते, ती करते. पान्याची गरज नाही, हाताने घट्ट. तांबं आणि झाकणाच्या मध्ये दोन मिलिमीटरची रबरी दोरी दीड मिलिमीटर खोल खाचेत, म्हणजे अर्धा मिलिमीटर दबते. तपासणीला मी सायकलच्या पंक्चरवाल्याची परात घेतली. या वेळी दहा मिनिटं नाही. आधी गार हवेने, मग कढत पाणी फिरवून, मग परत हवेने, आणि मग दोन दिवस वर्तमानपत्रावर, बोर्डाशिवाय, नुसता पंप चालू. पेपरवर एक थेंब पडला तर डाग दिसतो. दर चार तासांनी त्याचा फोन, 'पेपर कोरडा आहे का?' आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळे पंखे काढले की प्रोसेसर गार राहतो, पण त्याच वाऱ्यावर जगणारे शेजारचे भाग, मेमरी आणि वीज पुरवणारे सुटे भाग, तापायला लागतात. म्हणून एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा ठेवावाच लागला. त्याचा आवाज भिंतीवरच्या घड्याळाइतका. पाणी थांबलं तर मशीन आपोआप बंद व्हावं म्हणून फ्लोटचा एक स्विच लावला, विहिरीवरची मोटर कोरडी चालू नये म्हणून करतो तसं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी नव्या, म्हणजे दुसऱ्या जुन्या बोर्डावर ते बसवून चालू केलं. रेडिएटर पडवीत, नळ्या भिंतीतून. आम्ही दोघं वाकून आकडे बघत होतो. आतल्या खोलीतून आक्काने हाक मारली. बोलणं तिचं जड झालं होतं. म्हणाली, 'बंद पडलं का रे?' तो म्हणाला, 'नाही आक्का, चालू आहे.' तिला पटेना. 'आवाज कुठंय? परत बिघडवलं का यानं?' 'यानं' म्हणजे मी. मग त्याने तिला धरून आणलं, तिचा हात पडवीतल्या रेडिएटरवर ठेवला. तो कोमट होता. ती म्हणाली, 'इंजिनाचं पाणी.' आणि झोपायला गेली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, पत्र्याखाली खोली ३६ अंशांवर असताना, पूर्ण कामात एक प्रोसेसर ६१ आणि दुसरा ६३. तो दोन अंशांचा फरक अजून आहे. एक अंश पाण्याचा, दुसरा बहुतेक माझ्या घासकामाचा.

हे काही मोठं काम नाही, हे मला ठाऊक आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तेव्हा आपण दहावीत होतो आणि वर्तमानपत्रातलं ते कात्रण सरांनी फलकावर लावलं होतं. आज पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तो असाच थेट प्रोसेसरपर्यंत पाणी नेऊन गार करतात. गेल्या सप्टेंबरात आपल्या शेजारी, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी परम रुद्र सुरू झाला. त्यातला रुद्र सर्व्हर दोन प्रोसेसरांचा आणि आपल्याच देशात आखलेला. आठवीच्या सहलीला आपण फराहबाग बघितली होती. चारशे वर्षांपूर्वी निजामशाहीत भोवती तळं करून, दूरवरून खापरी नळाने पाणी आणून तो महाल गार ठेवला होता. तळं तेव्हाही कोरडंच होतं आणि आपण त्यात लंगडी खेळलो. आपल्या जिल्ह्याला पाण्याने गारवा आणणं नवीन नाही, पाणी आणणंच अवघड.

आक्का २०२३ च्या दिवाळीनंतर गेली. मशीन त्याच खोलीत आहे. त्याच्याकडे आता गावातली दोन मुलं काम शिकतात, त्यातली एक आपल्याच शाळेची.

आता ती पट्टी शेवटच्या रांगेत पोचली असेल. मुख्याध्यापक म्हणाले, प्रयोगशाळेत ठेवू. ठेवा, पण मळकट बाजू वर करून ठेवा. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं सांगा, म्हणजे जेवणाआधी ठेवून येतो.